वाळवंटात कुत्र्याला पहिल्यांदा नेताना

अरे वा, कुत्र्याला घेऊन वाळवंटात मुक्कामी जायचा मस्त प्लॅन आहे, बिनधास्त जा! फक्त सुरुवातीला एवढं बघ:

- पाणी. तुझं वेगळं, त्याचं वेगळं, आणि वर थोडं जास्तीचं. तो मागेल याची वाट बघू नकोस, दर थांब्याला वाटी पुढे कर.
- वाळूवर हाताची मागची बाजू ७ सेकंद ठेव, नाही टिकली तर त्याचे पंजेही भाजणार. चालणं पहाटेच, दुपारी सावली.
- पट्टा सोडू नकोस, रात्री तर नाहीच, साप-विंचू तेव्हा जास्त फिरतात.

नवीन लोक हमखास चुकतात ते म्हणजे धापा टाकतोय तरी "अजून थोडं" म्हणत चालवत राहतात, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा झोकांड्या जायला लागला की तिथेच थांब, सावलीत ने, अंगावर पाणी ओत आणि सरळ डॉक्टरकडे. त्याच्या पंजांसाठी बुटांचं वगैरे नंतर बघू. आणि हो, रात्री गारठा पडतो, त्याला टेंटमध्येच घे.