नदीला न परवडणारी भूक

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो परगण्यातल्या बरिशूल नदीवर तुला काम मिळालं हे वाचून फार आनंद झाला. तिथे 1970 पासून समुद्राकडे उतरणारे आणि समुद्रातून परतणारे सॅमन आणि ट्राऊट हे मासे सापळ्यांतून मोजले जातात. इतकी लांब, अखंड नोंद फार थोड्या नद्यांच्या नशिबी असते.

तू विचारलंस, ट्राऊटची समुद्रात जाणारी जात नदीतल्या जातीपासून वेगळी कशी ओळखायची? आधी हा प्रश्नच बदल. जाती दोन नाहीतच. लाल-काळ्या ठिपक्यांचा, आयुष्यभर एकाच ओढ्यात राहणारा ब्राउन ट्राऊट आणि समुद्रातून चंदेरी होऊन परतणारा समुद्री ट्राऊट ही एकच प्रजाती. पुष्कळ नद्यांत त्यांची आपसात वीण होते आणि एकाच आईच्या पिल्लांपैकी काही जातात, काही राहतात. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, तिएरा देल फ्वेगोमधल्या रिओ ग्रांदे नदीत ब्राउन ट्राऊट मुळात नव्हताच. 1935 मध्ये माणसानं तो तिथे नेऊन सोडला. पुढे त्याचे वंशज आपणहून समुद्रात उतरू लागले आणि आज तिथले समुद्री ट्राऊट जगातल्या सर्वांत मोठ्यांत गणले जातात. जाण्याची क्षमता त्यांच्यात होतीच.

मग जातो कोण? इथे घाई करू नकोस. मोठी पिल्लं जातात की लहान, यावर तुला उलटसुलट आकडे सापडतील. खरा प्रश्न आकाराचा नाही. त्या माशाची भूक त्या नदीला परवडते का, हा आहे. ज्याच्या शरीराचा रोजचा खर्चच जास्त, त्याला पोटभर मिळूनही कमी पडतं. अन्न कमी ठेवून वाढवलेल्या ट्राऊटमध्ये जाणाऱ्यांचं प्रमाण वाढतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. पाणी तापलं की हा खर्चही वाढतो. आणि वाटेत मोठं तळं असेल तर काही मासे तिथवरच जाऊन धष्टपुष्ट होतात, खाऱ्या पाण्याचं तोंडही पाहत नाहीत. हा तिसरा मार्ग विसरू नकोस, बरिशूलच्या खोऱ्यात तळी आहेत.

नर आणि मादी यांची मोजणी एकत्र करू नकोस, हे मी आग्रहानं सांगतो. किलोभर वजनाची मादी साधारण दीड ते दोन हजार अंडी देते. ओढ्यातल्या वीतभर मादीची काही शेच. समुद्रात वाढलेलं वजन मादीला थेट संततीत मिळतं. नराचं तसं नाही. लहानसा नरही विणीच्या वेळी हळूच घुसून अंडी फळवू शकतो. म्हणून बहुतेक ठिकाणी जाणाऱ्यांत माद्या जास्त दिसतात. कॅलिफोर्नियातल्या रेनबो ट्राऊट या वेगळ्या प्रजातीत तर याचा जनुकीय धागाही सापडला: पाचव्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा उलटा होऊन बसलेला. ज्याच्याकडे सुलट आणि उलट अशा दोन्ही प्रकारांची एकेक प्रत असते, तो नर असेल तर बहुधा राहतो, मादी असेल तर बहुधा जाते. हे 2019 मध्ये प्रसिद्ध झालं. मला ते आजही थक्क करतं. पण हा शोध रेनबोचा आहे, तुझ्या ब्राउन ट्राऊटवर तो तसाच चिकटवू नकोस.

वसंतात जे दिसतं, तो या गोष्टीचा शेवटचा भाग असतो. ठिपके झाकले जाऊन अंग चंदेरी होतं, मीठ आत ओढणारे कल्ले ते बाहेर टाकायला सज्ज होतात. पण कल मात्र कित्येक महिने आधीच ठरत आलेला असतो. तेव्हा मार्चमध्ये सापळ्याशी जाऊन उभी राहशील तर उशीर झालेला असेल. आदल्या उन्हाळ्यापासून ओढ्यातलं अन्न आणि तापमान मोज.

समुद्र फुकट देत नाही. सील आहेत, पाणकावळे आहेत आणि समुद्रात सॅमन पाळण्याच्या पिंजऱ्यांभोवती वाढणाऱ्या, माशांना चिकटणाऱ्या समुद्री उवा आहेत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचा समुद्री ट्राऊट कोसळला, त्यात या उवांचा वाटा मोठा मानला जातो. जाणारे परतलेच नाहीत, तर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचीच संतती वाढत जाते. नदीत मासे दिसत राहतात आणि लोकांना वाटतं सगळं ठीक आहे. त्यांना तसं वाटू न देणं हेही तुझं काम आहे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. मेलेला मासा हाती आला की त्याच्या कानातला खडा, म्हणजे ओटोलिथ, जपून ठेव. खाऱ्या पाण्यात स्ट्रॉन्शियम हे मूलद्रव्य जास्त असतं आणि त्याची खूण खड्यात थरांथरांनी उमटते. खड्याचा गाभा आईच्या बलकातून घडतो. त्यामुळे कधीच नदी न सोडलेल्या माशाचीही आई समुद्रात जाऊन आली होती का, ते कळू शकतं. राहणाऱ्यांचे खडेही तितकेच जमव. प्रत्येक कुपीवर तारीख आणि जागा लिही. आणि ओढ्याच्या पाण्यातलं स्ट्रॉन्शियम वेगळं मोजून घे, कारण काही खडकांवरून येणाऱ्या पाण्यात ते मुळातच जास्त असतं.

कळावे. पहिल्या हंगामाचे आकडे आले की पाठव.

तुझे सर