पुळणीत रुतलेली गाडी

प्रश्न : दापोलीकडे आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या पुळणीत, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत, रुततात. अशा वेळी काय करावं?

उत्तर : आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. चाक जागच्या जागी फिरलं की खड्डा खोल होतो आणि गाडी पोटावर बसते. मग सगळंच अवघड. माणसं उतरवा. चाकांमागची, पोटाखालची वाळू उपसा. टायरांची हवा १५ ते १८ पीएसआयवर आणा, त्याखाली नको, टायर रिमवरून निसटतो. चाकांमागे सुक्या झावळ्या सारा आणि आल्या चाकोरीनेच हळू रिव्हर्स या. भरती लागली असेल, त्यातून अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, तर खटपट सोडून गावातला ट्रॅक्टर बोलवा. दोर बंपरला नव्हे, गाडी ओढण्यासाठी असलेल्या टो हुकलाच बांधा. घरी जाण्याआधी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, हवा भरा.