पावसाळी ढगांखालची खाजणे

प्रश्न : आषाढात आमची खाजणशेती (खाडीकाठच्या, बांध घातलेल्या सखल जमिनीतली शेती) बुडते, त्या दिवसांची उपग्रहचित्रे नुसती पांढरी का दिसतात? – एक वाचक, दिवाडी

उत्तर : आपण पाहिलेली चित्रे निष्क्रिय संवेदकाची असावीत, तो सूर्याचा परावर्तित प्रकाश किंवा जमिनीची उष्णता टिपतो, त्यामुळे ढग आड आले की त्याला ढगांचे माथेच दिसतात. रडारसारखा सक्रिय संवेदक स्वतः लहरी सोडून परत येणारा अंश मोजतो. इस्रोने २०१२ मध्ये सोडलेल्या रिसॅट-१ या उपग्रहाच्या रडारलहरींची लांबी सुमारे ५.६ सेंटिमीटर होती; ढगांतले थेंब त्यापुढे अतिसूक्ष्म असल्याने त्या लहरी काळोख्या रात्रीही खालपर्यंत पोहोचत. वारा नसताना खाजणात साचलेले पाणी आरशासारखे लहरी उपग्रहाकडे न धाडता पलीकडे परतवते, म्हणून ते काळे दिसते आणि काठावरचे माड उजळ उमटतात. पुरासाठी रडारचेच चित्र मागावे, असे माझे ठाम मत आहे.