आमच्या ‘पर्व्ह्यू’त येत नाही!

प्रश्न : गल्लीतलं गटार दोन पावसाळे तुंबतंय. कामाचा ठेका कोणाला, कितीला, हे विचारायला माहिती अधिकारात अर्ज टाकला, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तर आलं एका इंग्रजी ओळीचं : विषय या कार्यालयाच्या ‘पर्व्ह्यू’बाहेर आहे. नातू म्हणतो, व्ह्यू म्हणजे दृश्य. गटार यांना दिसत नाही, असं म्हणायचंय का?
– एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : गुरुजी, नातू अगदीच चुकलेला नाही. इंग्लंडचे जुने कायदे एके काळी फ्रेंचमध्ये लिहीत आणि ‘अशी तरतूद केली आहे की’ अशी त्यांतल्या काहींची सुरुवात असे. त्या ‘तरतूद’ अर्थाच्या फ्रेंच शब्दाचा हा पर्व्ह्यू झाला. मुळाशी लॅटिनमधलं ‘पुढचं बघून ठेवणं’ आहे, म्हणजे बघणं आलंच. मग कायद्याच्या मुख्य मजकुराला पर्व्ह्यू म्हणू लागले आणि पुढे तो मजकूर जिथवर पोचतो त्या हद्दीला.

सरकारी मराठीत याला ‘कार्यकक्षा’ म्हणतात. आम्ही तहसील कचेरीत ‘अखत्यारी’ म्हणायचो. ‘आमच्या अखत्यारीत नाही’ हे वाक्य मीही पुष्कळदा लिहिलंय, चहा गार व्हायच्या आत. टेबलावरचा कागद हलायचा, माणूस तिथेच राहायचा.

वापरताना ‘विदिन’, ‘अंडर’ किंवा ‘आउटसाइड’ लावा. मात्र रस्त्यावरच्या वेगमर्यादेला कोणी पर्व्ह्यू म्हणत नाही. पर्व्ह्यू कोणाचा तरी असतो : कायद्याचा, समितीचा, खात्याचा. म्हणून ‘आमच्यात नाही’ म्हणणाऱ्याला लगेच विचारायचं, ‘मग कोणाच्यात?’

तुमच्या बाबतीत तर ते शोधणं त्यांचंच काम होतं. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ६(३) बघा. मागितलेली माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल, तर अर्ज जास्तीत जास्त ५ दिवसांत तिकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसं कळवायचं. नुसतं ‘पर्व्ह्यूबाहेर’ लिहून फाइल मिटत नाही.

उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. मराठीतच लिहा : ‘विषय आपल्या कार्यकक्षेत नसल्यास अर्ज कलम ६(३) नुसार कोणाकडे व कोणत्या तारखेला पाठवला, ते कळवावे.’ आलेल्या उत्तराची झेरॉक्स जोडा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.