आत्तीच्या बिल्ल्याची मागची बाजू आधी बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आत्या १९६० च्या दशकात कोल्हापुरातून इंग्लंडला नर्स म्हणून गेली, गेल्या वर्षी तिकडंच वारली. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती स्मरणिका काढायची आहे. हाताशी एक ट्रंक आहे, तिच्या नर्सच्या बिल्ल्याचा एक फोटोही तुम्ही टाकलाय, पण घरात विचारलं की सगळे "ती लंडनला मेट्रन होती" याच्या पुढं जात नाहीत. आणि शेवटी तुम्ही विचारलंय, माहिती मिळवायला तिचं मूळ सर्टिफिकेट तिकडच्या ऑफिसला पाठवू का?

पाठवू नका. सर्टिफिकेट नको, बिल्ला नको, पासपोर्ट तर मुळीच नको.

आमच्या घरानं नेमकं तेच केलं होतं. एका कार्यालयाचं (इथलं की तिथलं, ते सांगत नाही) "मूळ प्रत जोडावी" असं छापील पत्र आलं. रजिस्टर एडी केलं, पावती जपली. पावती अजून आहे, सर्टिफिकेट नाही. तीन स्मरणपत्रांनंतर "या नावाची नोंद आढळत नाही" एवढी एक ओळ आली, पाकिटात दुसरं काही नव्हतं. सगळा दोष त्यांच्या माथी मारता येत नाही. अर्जात आम्ही सासरचं नाव घातलं होतं आणि सर्टिफिकेटवर माहेरचं होतं. कारकुनाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका. त्यामुळं खाली नावाबद्दल जरा जास्तच लिहिलंय, सांभाळून घ्या.

आपल्याकडं लग्नात आडनाव बदलतंच, पण जुन्या पिढीत पहिलं नावही बदलायचं. माहेरची सुशीला सासरी सुनंदा झालेली असते आणि भाचरांना फक्त सुनंदा आत्ती ठाऊक असते. नर्सिंगची नोंद मात्र ती ज्या नावानं शिकली त्या नावानं. त्यात वडिलांच्या नावाचा घोळ. इंग्रज कारकुनाला मधलं नाव म्हणजे काय ते कळायचं नाही. पासपोर्टवर तीन नावं सलग लिहिलेली असली तर शेवटचं आडनाव धरायचा, पण फॉर्मवर आडनाव आधी लिहिलं असेल तर वडिलांचं नावच आडनाव होऊन बसायचं. तिसरं स्पेलिंग. कोल्हापूरचे पोवार पी-ओ नं लिहितात, तिकडचा लेखनिक पी-ए करतो. चौगुले, घाटगे, साळोखे यांची तर चार-चार रूपं होतात. म्हणून शोध सुरू करण्याआधी एका कागदावर माहेरचं नाव, सासरचं नाव, वडिलांचं नाव आडनाव म्हणून, आणि प्रत्येकाची दोन-तीन स्पेलिंगं, अशी सगळी मांडा. आठ-दहा रूपं होतील. प्रत्येक ठिकाणी सगळी तपासायची. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला जवळची वाट नाही.

आता नोंद कुठली, ते. इंग्लंडमध्ये त्या काळात नर्सच्या दोन याद्या होत्या आणि बहुतेकांची गाडी इथंच चुकते. तीन वर्षं शिकलेली ती स्टेट रजिस्टर्ड नर्स, एसआरएन, तिचं नाव रजिस्टरवर. दोन वर्षं शिकलेली ती स्टेट एनरोल्ड नर्स, एसईएन, तिचं नाव 'रोल'वर. बाहेरच्या देशांतून आलेल्या कितीतरी मुलींना त्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात घातलं गेलं. फरक काय, मायदेशी त्याचं काय होणार, हे नीट सांगितलंही नाही. बऱ्याच देशांत एसईएन मान्य नव्हतं, आणि तिकडं वॉर्डची सिस्टर होण्याची वाटही बंद. म्हणजे हुशार असूनही बाई वर्षानुवर्षं त्याच जागी. काहींनी पुढं कन्व्हर्जन कोर्स करून रजिस्टर गाठलं. घरात "आत्ती एसआरएन होती" असं बोललं जात असलं तरी रोल तपासल्याशिवाय छापू नका. आणि ती रोलवर सापडली तर स्मरणिकेत तसंच लिहा, एसईएन हे लपवण्यासारखं नाही. "पात्र असूनही बढती का मिळाली नाही" याचं उत्तर बहुधा त्या तीन अक्षरांत असतं.

रजिस्टर सांभाळणारं जनरल नर्सिंग कौन्सिल १९१९ च्या कायद्यानं आलं. इंग्लंड आणि वेल्सचं एक, स्कॉटलंडचं वेगळं. आत्ती ग्लासगो-एडिंबराला असेल तर लंडनकडं विचारून उपयोग नाही. १९८३ मध्ये सगळं एका छत्राखाली आलं, २००२ पासून नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल आहे. त्यांच्या आजच्या ऑनलाइन रजिस्टरमध्ये शोधून "नाव नाही" म्हणून हताश होऊ नका, त्यात चालू नोंदणी असलेल्यांचीच नावं दिसतात. १९६८ पर्यंतची छापील नर्सिंग रजिस्टरं ॲन्सेस्ट्री या वंशावळीच्या वेबसाइटवर पैसे भरून बघता येतात, आणि कौन्सिलचे जुने कागद लंडनमधल्या केवच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात, आहेत. ॲन्सेस्ट्रीचं वर्षाचं सदस्यत्व घेऊ नका, नावांचा कागद तयार ठेवून एका महिन्यात काम उरका. तिनं बाळंतपणाचं शिक्षण घेतलं असेल तर नावापुढं एससीएम दिसेल, त्याची यादी वेगळी.

ती मिरजेच्या वानलेस हॉस्पिटलला किंवा मुंबईत शिकून मग गेली असेल तर इथली नोंदही असणार. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल १९६६ च्या कायद्याचं, त्याआधीची नोंदणी जुन्या मुंबई राज्याच्या कायद्याखाली. तारीख बघून मगच अर्ज करा.

बोटीच्या याद्यांच्या नादी फार लागू नका. ब्रिटनला येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या १९६० पर्यंतच्याच आहेत. त्याआधी गेली असेल तर नाव, वय, व्यवसाय आणि उतरायचा पत्ता मिळतो. नंतर गेली असेल तर पासपोर्टचे शिक्के हाच आधार. १ जुलै १९६२ पासून तिकडं कॉमनवेल्थवाल्यांवरही निर्बंध आले, त्यामुळं तेव्हापासूनचा प्रवेशाचा शिक्का नीट वाचा, शिकाऊ म्हणून गेली की कामावर, त्याचा अंदाज येतो. परकीय चलनाची नोंदही पासपोर्टातच केलेली सापडते. "तीन पौंड घेऊन गेली" ही घरोघरची गोष्ट कधीकधी तिथं शिक्क्यासकट भेटते.

मेट्रन आणि सिस्टरचं काय ते सांगते. आपण कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलमध्ये कुणालाही "ओ सिस्टर" म्हणतो. तिकडं सिस्टर हे पद आहे, अख्खा वॉर्ड जिच्या ताब्यात ती. पत्रात "मला आता सिस्टर केलंय" असं वाक्य असेल तर ती मोठी बढती होती, आणि घरच्यांनी ते "बरं, बरं" म्हणून ट्रंकेत टाकलेलं असतं. उलट मेट्रन म्हणजे सगळ्या हॉस्पिटलची प्रमुख. १९६६ च्या सॅमन समितीच्या अहवालानंतर ते पदच मोडीत निघालं आणि नर्सिंग ऑफिसरच्या श्रेण्या आल्या. तेव्हा १९७० च्या दशकात ती "मेट्रन" होती असं कुणी सांगितलं तर आधी पगाराची चिठ्ठी मागा. गणवेशाच्या रंगावरून पद ठरवू नका, प्रत्येक हॉस्पिटलचा रंग वेगळा.

आता तो बिल्ला. तुम्ही टाकलेल्या फोटोत फक्त पुढची बाजू आहे, मला मागची हवी. सरकारी नोंदणीच्या बिल्ल्यामागं सहसा नाव, नंबर आणि तारीख कोरलेली असते. तो नंबर मिळाला की नावाचा अर्धा गोंधळ तिथंच संपतो. अक्षरं झिजलेली असतील तर खोली अंधारी करून मोबाइलचा दिवा बिल्ल्याच्या अगदी कडेला, आडवा धरा. कोरलेल्या रेषेत सावली पडते आणि आकडे उठून दिसतात. दिवा चारी बाजूंनी फिरवून चार फोटो काढा. ३ आणि ८ मधला फरक एकाच बाजूच्या उजेडात कळत नाही.

हॉस्पिटलनं दिलेला बिल्ला वेगळा. तो आणि कमरेच्या पट्ट्याचं बक्कल बऱ्याचदा चांदीचं. मागं बारीक छाप असतात. चालणारा सिंह म्हणजे ९२५ ची चांदी, जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, आणि शेजारचं एकटं अक्षर म्हणजे वर्ष. गुजरीतल्या सराफाकडं भिंग असतं, तो छाप वाचून देईल. पण वाचून झाला की लगेच परत घ्या. "काकू, जरा चकाचक करून देतो" म्हणाला की हात धरा त्याचा. पॉलिशचा बफ फिरला की कोरलेलं नाव गेलं. घरीही चिंच, लिंबू, टूथपेस्ट काही नको, आंबटानं मीना निस्तेज होतो आणि पेस्ट घासली की ओरखडे. मऊ सुती फडकं, कोरडं. काळेपणा राहू द्या.

पत्रांकडं वळा. निळ्या एअर लेटरवर तारखेच्या जागी "मंगळवार, रात्रपाळी" असलं काहीतरी असतं. वर्ष काढायचं कसं? पोस्टाचा शिक्का पुसट असेल तर पैशाकडं बघा. तिनं १० पौंड पाठवल्याचं लिहिलंय आणि आजोबांच्या वहीत १३३ च्या आसपास रुपये जमा आहेत, तर पत्र ६ जून १९६६ च्या आधीचं. २१० च्या आसपास असतील तर त्यानंतरचं, कारण रुपयाचं अवमूल्यन झालं. १८० दिसले तर नोव्हेंबर १९६७ नंतरचं, तेव्हा पौंडच घसरला. बँकेचं कमिशन थोडं इकडंतिकडं करतं. शिलिंगचा हिशोब असेल तर फेब्रुवारी १९७१ च्या आधीचं समजा. पत्त्यात ४१६ नं सुरू होणारा पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. आणि "भूकंपात घराला काही झालं नाही ना" अशी चौकशी असेल तर ते बहुधा डिसेंबर १९६७ चं, कोयनेनंतरचं. पाठवणाऱ्याचा पत्ता 'नर्सेस होम' असेल तर हॉस्पिटलचं नाव त्याच ओळीत आहे. त्यातली कितीतरी हॉस्पिटलं आज बंद किंवा दुसऱ्यात विलीन झालीत. त्यांचे कागद त्या-त्या काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात शोधायचे, लंडनची बरीचशी लंडन आर्काइव्ह्जमध्ये. कर्मचाऱ्यांचे कागद बऱ्याच वर्षांसाठी बंद ठेवतात, त्यामुळं ईमेलमध्ये नातं, मृत्यूचा दाखला आणि हव्या त्या साधारण तारखा पहिल्यांदाच घाला. सोबत स्कॅन. मूळ नको, हे परत एकदा.

तिची मुलं किंवा नवरा तिकडं असतील तर हे सगळं करण्याआधी त्यांना एकच विचारा: पेन्शनचे कागद. नोकरीच्या तारखा त्यात मिळतात. माझ्या मते हा सगळ्यात सोपा रस्ता आहे आणि सगळ्यात शेवटी सुचतो.

लॅमिनेशनबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. झेरॉक्सवाल्याकडं दहा मिनिटांत "कायमचं सेफ" होतं आणि तो कागद कायमचा जातो. प्लास्टिक सुटत नाही, मागची नोंद वाचता येत नाही, आणि पुढं अपोस्टिलची (परदेशात कागद चालावा म्हणून घ्यायच्या सरकारी शिक्क्याची) वेळ आली तर लॅमिनेट केलेला कागद घेतही नाहीत. ट्रंकेत डामरगोळ्याही फोटोंना चिकटतील अशा ठेवू नका. २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी लागून पत्रं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका आणि उन्हात टाकू नका. ओली असतील तर टीपकागद मध्ये घालून पंख्याखाली, सावलीत. ढीग मोठा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत भरून फ्रीजरमध्ये, म्हणजे बुरशी थांबते आणि सवडीनं एकेक काढता येतं. सुकून चिकटलेली असतील तर जाणकाराला दाखवा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो काढायला दातांचा फ्लॉस धागा मागून करवतीसारखा हळू सरकवा. ड्रायर नको.

छपाईसाठी फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, मोबाइलवर काढलेल्या फोटोचा फोटो प्रेसमध्ये काळा पडतो. पानं चारच्या पटीत ठेवा, नाहीतर प्रेसवाला शेवटी कोरी पानं गळ्यात मारतो.

मी वकील नाही, अर्काइव्हवाली नाही. फी आणि नियम बदलतात, अर्ज करायच्या दिवशी स्वतः बघून घ्या. तोवर बिल्ल्याच्या मागच्या बाजूचे ते चार फोटो इथं टाका, नंबराचे शेवटचे दोन आकडे बोटानं झाकून. माहेरचं नाव उघड लिहू नका, फक्त सुरुवातीचं अक्षर आणि ती गेली ते साधारण वर्ष सांगा, म्हणजे रजिस्टर आधी बघायचं की रोल ते सांगते.