पावसाळ्याआधी हॉस्पिटलच्या फार्मसीत काय बघून ठेवायचं

हे बघ, नवीन जॉइन झालायस ना, तर आधी औषधांचं स्टोअर कुठल्या मजल्यावर आहे ते बघ. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला तेव्हा पाणी कित्येक दिवस ओसरलं नव्हतं, त्यामुळे खालच्या रॅकवर सलाईनचे बॉक्स ठेवायचेच नाहीत. स्नेक अँटिव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, पावसाळ्याच्या आधीच मागवून ठेव, विषबाधेची लक्षणं असलेल्या एका पेशंटलाच सुरुवातीला ८-१० व्हायल (छोट्या बाटल्या) लागतात, पाच ठेवून काही होत नाही, आणि एक्सपायरी स्वतः बघ, कॉम्प्युटरवर विसंबू नकोस. पाणी ओसरलं की लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) पेशंट वाढतात, डॉक्सी (त्यावरचं डॉक्सीसायक्लिन) आणि ओआरएस तेव्हा कमी पडायला नको.

इन्सुलिन, टीटी (धनुर्वाताची लस) २ ते ८ डिग्रीतच, जनरेटर फ्रीजच्या लाइनला जोडलाय का ते लाइट घालवून बघ, नुसतं विचारून नाही. क्रॅश कार्टमधून (इमर्जन्सी औषधांची ट्रॉली) ॲड्रेनलिन वापरलं की लगेच भरायचं आणि सील लावायचं, सकाळी बघू म्हणू नकोस रे. केसीएलचे (पोटॅशियम क्लोराइड) अँप्युल मात्र वेगळ्या कप्प्यात, घाईत चुकीचा उचलला आणि थेट शिरेत गेला तर माणूस जातो.

अन् रात्री स्टोअरची चावी कोणाकडे असते ते आजच विचारून घे.