१:५० स्केलचं डाय-कास्ट (साच्यात ओतलेल्या धातूचं) मोबाइल क्रेनचं मॉडेल (लीबहेर एलटीएम ११२००-९.१) पूर्ण बूम (क्रेनचा लांब हात) उघडून कपाटात ठेवता येईल का? बूम एका बाजूला कलतो आणि हुक खाली येत नाही, त्याला काय करावं?

कपाटात नाही. खऱ्या क्रेनचा टेलिस्कोपिक (एकात एक सरकणाऱ्या भागांचा) बूम १०० मीटरचा आहे, म्हणजे १:५० मध्ये २ मीटर. पाऊण मीटर उंचीच्या टेबलावर ठेवलंत तर टोक पावणेतीन मीटरवर जाईल, आणि आपल्याकडच्या खोलीत तिथे पंखा फिरत असतो. पूर्ण उघडायचाच असेल तर जमिनीवर, वीसेक सेंटीमीटरच्या पक्क्या चौथऱ्यावर, पंख्यापासून लांब. कपाटासाठी बूम मिटलेला किंवा दोन-तीन सेक्शन (सरकणारे भाग) बाहेर, एवढंच.

आता कलण्याचं. या बूमला आठ सेक्शन आहेत, म्हणजे सात सांधे. प्रत्येक सांध्यात आतला भाग साधारण २० मि.मी. बाहेरच्यात राहतो आणि तिथे ०.२ मि.मी. ढिलाई आहे असं धरा. सांध्यांमधलं अंतर २४० मि.मी. असेल तर एका सांध्याने पुढचं टोक २.४ मि.मी. सरकतं. पण खालच्या सांध्याचा कोन वरच्या सगळ्या सेक्शनना लागतो. सातही सांधे एकाच बाजूला झुकले, तर शेंड्याला ६० ते ७० मि.मी.चा फरक पडतो. त्यामुळे थोडं कलणं हा मॉडेलचा दोष नाही. आधी चौथरा लेव्हलने तपासा. बऱ्याचदा अर्धं दुखणं तिथेच असतं. उरलेल्या ढिलाईसाठी आतल्या सेक्शनच्या मागच्या टोकाला, जो भाग कधीच बाहेर दिसत नाही तिथे, पातळ पारदर्शक टेपची एक पट्टी लावा. एकच. दोन लावल्या की सेक्शन अडकतो, आणि जोर लावून ओढताना पुढची कॉलर (सेक्शनच्या तोंडाची कड) निघते.

क्रेन उभी करण्याचा क्रम खऱ्या साइटवरचाच ठेवा: आधी आउटरिगर (क्रेन टेकवायचे बाजूचे पाय), मग काउंटरवेट (मागचं तोलाचं वजन), मग बूम. हौशी माणूस नेमका उलट्या क्रमाने जातो, कारण बूम उघडण्याची घाई असते.

आउटरिगरचे बीम पूर्ण बाहेर काढा आणि चारही जॅक (त्यांच्या टोकाचे आट्याचे पाय) थोडे थोडे, आळीपाळीने फिरवा. एकच जॅक शेवटपर्यंत फिरवला की चासी पिळते आणि समोरच्या कोपऱ्यातला जॅक नुसता टेकल्यासारखा दिसतो, भार घेतच नाही. तपासायला प्रत्येक पॅडखाली कागदाची चिंधी सरकवून ओढून पाहा: चारही ठिकाणी ती सारखीच अडली पाहिजे. जिथे अलगद निघते, तो जॅक अर्धा आटा फिरवा. टायर जमिनीपासून केसभर सुटले की पुरे.

काउंटरवेटबाबत लोक म्हणतात, 'मॉडेलच तर आहे, दोन ठोकळे कमी लावले म्हणून काय होतं?' होतं. खऱ्या क्रेनला २०२ टन काउंटरवेट लागतं. लांबी ५० पट कमी झाली की वजन १,२५,००० पट कमी होतं, म्हणजे स्केलप्रमाणे हे साधारण १.६ किलो. बूमचं मात्र तसं होत नाही. प्रत्यक्षातला पत्रा १० मि.मी. धरला तर मॉडेलमध्ये तो ०.२ मि.मी. हवा. इतकं पातळ ओतकाम या कामात जमत नाही. भिंत एक मि.मी.च्या आसपास जाते. त्यामुळे बूम स्केलच्या मानाने कितीतरी जड होतो, काउंटरवेट होत नाही. म्हणून सगळे ठोकळे लावा, आणि पूर्ण लांबीला बूम ७५ अंशांच्या खाली आणू नका. सुपरस्ट्रक्चर (क्रेनचा वरचा फिरता भाग) फिरवताना एक हात काउंटरवेटवर राहू द्या.

बूम आडवा टेकवून सगळा उघडायचा आणि मग उचलायचा, हे करू नका. सगळा भार लिफ्ट सिलिंडरवर (बूम उचलून धरणारा दांडा) आणि बूमच्या मुळाच्या पिनेवर येतो. सिलिंडर नुसत्या घर्षणावर उभा असेल तर तो त्या दिवसापासून हळूहळू खचायला लागतो. आधी मिटलेला बूम ७५ अंशांच्या थोडा वर उचला. मग सर्वांत आतला सेक्शन पहिला काढा, त्यानंतर त्याच्या बाहेरचा, असं करत खाली या. पिनेने लॉक होणाऱ्या खऱ्या बूममध्येही क्रम हाच असतो. मॉडेलमध्ये याचा आणखी एक फायदा म्हणजे हात कायम खाली, आपल्या टप्प्यात राहतो. ओढताना कॉलरला धरा, शेंड्याच्या पुलीला कधीच नाही. लॉकचा 'टक्' ऐकू आल्याशिवाय हात सोडू नका. एक सेक्शन निसटला तर वरचे सगळे त्याच्याबरोबर बोटांवर येतात. घर्षणावरच्या सिलिंडरला तेल तर चुकूनही लावू नका.

हुक न उतरण्याचं कारण बहुतेक वेळा दोराच असतो. हुक ब्लॉकला (हुक आणि त्यावरच्या पुल्यांचा ठोकळा) पुल्या भरपूर असतात म्हणून लोक त्या सगळ्या ओवतात. आठ फॉल (शेंडा आणि हुक यांच्यामधले दोऱ्याचे पदर) ओवले तर २ मीटर बूमला १६ मीटर दोरा फॉलमध्येच आणि वर ड्रमपर्यंतचे (दोरा गुंडाळायच्या रिळापर्यंतचे) २ मीटर. एवढा दोरा ड्रमवर नीट मावत नाही आणि प्रत्येक पुलीवरच्या घर्षणापुढे ब्लॉकचं वजन अपुरं पडतं. पूर्ण उघडलेल्या बूमला दोन फॉल ठेवा, फार तर चार. खरी क्रेनही लांब बूमला हलका माल उचलताना कमीच फॉल ठेवते, त्यामुळे ते दिसायलाही बरोबर वाटतं. सम फॉल असतील तर दोऱ्याचं टोक बूमच्या शेंड्याला बांधायचं, विषम असतील तर हुक ब्लॉकला.

दोरा विणलेला घ्या, पीळ दिलेला नको. पिळाच्या दोऱ्याने ब्लॉक गरागरा फिरून फॉल एकमेकांत अडकतात. २५ मि.मी.च्या खऱ्या वायर रोपला स्केलप्रमाणे ०.५ मि.मी. जाडी होते, पण ०.३ची मासेमारीची विणलेली दोरी जास्त सहज चालते. सुती दोरा वापरायचा असेल तर मेणाच्या खड्यावरून दोन-तीनदा ओढून घ्या, म्हणजे तूस बसते. ड्रमवर गुंडाळताना दुसऱ्याला टोक हलकं ताणून धरायला सांगा. सैल गुंडाळलेला दोरा खालच्या थरात रुततो. गाठीवर फेविक्विकसारखा ग्लू मॉडेलवरच टाकू नका, त्याच्या वाफेने केबिनची काच आणि रंग पांढुरका होतो. गाठ बाहेर पक्की करा, किंवा पांढऱ्या गोंदाचा थेंब पुरतो.

ठेवणीत दोन गोष्टी पाहा. मऊ टायरमधला प्लास्टिसायझर (टायर मऊ ठेवणारं रसायन) थर्माकोलला आणि रंगवलेल्या फळीला चिकटतो, म्हणून खोक्यात टायरभोवती पॉलिएस्टर फिल्म घाला. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या बदलत राहा. धुळीसाठी मेकअपचा मऊ ब्रश. छापील अक्षरांवर थिनर किंवा स्पिरिट अजिबात नाही.

वापरलेलं मॉडेल घेत असाल तर विक्रेत्याकडून चार फोटो मागा: चारही जॅकचे आटे, काउंटरवेटचे सगळे ठोकळे एका ओळीत, हुक ब्लॉक, आणि बूमच्या मुळाची पिन जवळून. जुन्या मॉडेलमध्ये धातूवर बारीक जाळीसारख्या भेगा किंवा फुगवटा दिसला तर घेऊ नका; जस्ताच्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं असलं की तो आतून ठिसूळ होत जातो आणि त्यावर इलाज नाही.